धुऱ्याकडचा तास

कापूस फुटला की माझं डोकं फिरतं. लोकांचं मन भरून येतं म्हणे. रस्त्यात गाडी थांबवून, कुणाच्याही वावरात शिरून, कापसाची पऱ्हाटी गालाशी धरून फोटो काढणारी शहरातली माणसं मी दरवर्षी पाहते आणि दरवर्षी मनात म्हणते, बाई गं, जरा दुपारभर वेचून बघ. बोंडाची टोकं नखात शिरली की गाल कुठे आणि फोटो कुठे. पण माझा राग त्यांच्यावर नाही. माझा राग एका मुलीवर आहे. विशीतली, कोऱ्या पातळातली, नाक फुगवलेली ती मुलगी ह्याच दिवसांत, ह्याच वावराच्या कडेला उभी असते आणि कापूस फुटला की मला ती दिसतेच. तिचे कान धरून पिळावेत असं फार वाटतं. पण ते कान माझेच आहेत, आणि आता त्यांना ऐकूही कमी येतं.

दिवाळी झाली की आमच्याकडे सकाळी लवकर वावरात जाऊन उपयोग नसतो. दहिवर पडलेलं असतं. ओला कापूस वेचून घरात आणला तर ढिगात तो आतून तापतो, पिवळा पडतो. म्हणून ऊन चढेपर्यंत बाया धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, पाय पसरून बसतात. तंबाखू मळतात, एकमेकींच्या सासवा उकरतात. मग कुणीतरी हात लांब करून एक बोंड चिमटीत धरतं, "वाळलं वो" म्हणतं, आणि सगळ्या कमरेला ओट्या बांधून उठतात. मग दिवसभर वाळक्या पानांची खसखस. शेजारच्या तुरीला पिवळा फुलोरा, त्यावर माश्या. सोयाबीन निघून गेलेल्या वावरांतून कुटाराचा, भुशाचा वास. कापूस भरून गेलेल्या टेम्पोंनी रस्त्याकडेच्या बाभळींना जागोजाग पांढरे झुपके अडकवलेले, जशी झाडंच म्हातारी झाली. आणि घरातली पुढची खोली आढ्यापर्यंत भरलेली. आमच्या काळी तिच्यात पोरं उड्या मारायची, मांजर हमखास तिथंच व्यायची, आणि रात्री मानेला, पाठीला नुसती खाज.

हे सगळं मी आता सांगते आहे. ज्या वर्षी पहिल्यांदा ह्या घराचा कापूस वेचला, त्या वर्षी मला ह्यातलं काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. मला फक्त माझी सासू दिसत होती.

ह्या वर्षी पुन्हा तो मोसम माझ्या उरावर बसला त्याला कारण पल्लवी. पल्लवी माझी नात, मुलाची मुलगी. गेल्या उन्हाळ्यात लग्न झालं. नवी लग्न झालेली मुलगी भाऊबीजेला येते, चार दिवस लाड करून घेते, जाते. ही आली ती आलीच. तुळशीचं लग्न लागलं, घरच्या कापसाची पहिली वेचणी उरकली, तरी हिची बॅग आपली खुंटीला. जेवायला बोलावलं की भूक नाही. दुपारी पडून मोबाइल पाहायचा, तोही पाहायचा नाही, नुसता छातीवर ठेवायचा. मग म्हणे छातीत धडधड होते. तिच्या बापाने यवतमाळला नेलं, कागदावर नागमोडी रेघा काढून आणल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय उत्तम आहे, टेन्शन घेऊ नका. घेऊ नका! जणू हिने ते बाजारातून पिशवीत घालून आणलं होतं.

एका सकाळी मी अंगणात कापूस निवडत बसले होते. किडका, पिवळा, कवडी झालेला वेगळा काढावा लागतो. ती पलीकडे पायरीवर, गुडघ्यात मान घालून.

"पल्लवी, तुले कोनी मारलं का तिथं?"

"नाही."

"अविनाश काही बोलला?"

"नाही गं. तो चांगलाच आहे."

"मंग काय दुखून राह्यलं तुह्यं? सांगशीन का मी मरायची वाट पाह्यते?"

गुडघ्यातून मान न काढताच ती म्हणाली, "याडी माझ्या हातची भाकर खात नाही."

याडी म्हणजे तिची सासू. अविनाशच्या घरी आईला याडी म्हणतात. तो बंजारा समाजाचा, फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरचा. त्याचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव फिरायचे. आता तो आमच्यासारखाच कापूस लावतो आणि फावल्या वेळात कृषी केंद्रावर बसतो. यवतमाळच्या कॉलेजात दोघांचं जमलं. माझ्या मुलाने पुष्कळ आदळआपट केली. तेव्हा मीच त्याला म्हटलं होतं, "अरे, त्यायच्याकडं पऱ्हाटी, आपल्याकडं पऱ्हाटी. अळी दोघायले एकच खाते. कायले वेगळेपन सांगतं?" लग्न झालं. पण तेव्हापासून सगळं गाव निकालाची वाट पाहत बसलंय. निकाल नापासाचा लागला तर जास्त मजा, हे काही सांगायला नको.

म्हणून हातची भाकर खात नाही, हे वाक्य साधं नव्हतं. ते ऐकलं तेव्हा मीही निवडता निवडता थांबले.

"म्हंजे कशी खात नाही?"

"मी सकाळी सगळ्यांच्या करते. अविनाश खातो, त्याचे वडील खातात. त्या शेतातून येतात, चुलीपाशी बसतात आणि आपल्यापुरत्या वेगळ्या थापतात. रोज. मी समोर उभी असते आजी. माझ्या ताटलीत भाकरी झाकून ठेवलेल्या असतात आणि त्या पीठ मळायला घेतात."

"आन् बोलतात काय?"

"माझ्याशी काही नाही. जेवताना अविनाशशी बोलतात, त्यांच्या भाषेत. मला कळत नाही. माझ्याबद्दलच बोलतात."

"कळत नाही तं तुह्याबद्दल हाय हे कसं कळलं?"

ह्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की मला एकदम ती पातळातली मुलगी दिसली. तेच नाक. तेच फुगणं. मी कापसाची पाटी बाजूला सारली. देवा, म्हटलं, एक गेली तर दुसरी आणलीस का?

आता माझं ऐका. सासरी पहिली वेचणी होती. पहिल्या दिवशी सीतादही झालं. म्हणजे वावरातली एक भरघोस पऱ्हाटी निवडायची, तिला हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि उरलेला दहीभात चारी अंगांना शिंपडायचा, की कापूस दह्यासारखा पांढराशुभ्र फुटावा. थंडगार दही हाताला लागलेलं, ऊन कोवळं, बाया हसतायत. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या उभ्या राहिल्या, वावरावरून नजर फिरवली, घरच्या बायांना आणि मजूर बायांना मधले तास वाटून दिले. तास म्हणजे पऱ्हाटीची ओळ. आणि मग माझ्याकडे बोट केलं.

"तू तिकडं. धुऱ्याकडचा तास तुह्या."

एवढंच. बाभुळगावकडे माझं माहेर. तिथे धुऱ्याकडच्या तासाला घरचं कुणी लागत नसे. रस्त्याची धूळ बसलेली, बोंडं बारकी, येणाऱ्याजाणाऱ्यांनी ओरबाडलेली. तो तास शेवटी कुणीतरी उरकायचा. आणि इथे नव्या सुनेला, सगळ्यांच्या देखत, पहिल्या दिवशी, तोच. शिवाय सगळ्या जणी मधे एकत्र, गप्पा मारत, आणि मी एकटी रस्त्याच्या कडेला, बुजगावण्यासारखी.

आत्याबाईंच्या त्या इवल्याशा बोलण्यावर मी माडी चढवली, खिडक्या बसवल्या आणि आत राहायला गेले. पहिल्या दिवशी वाटलं, मी सावळी आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी वाटलं, लग्नात आमच्याकडच्या वरणात मीठ जास्त झालं होतं, ते लक्षात ठेवलंय. मग वाटलं, दहीभात शिंपडताना माझ्या हातून वाटी पडली, अपशकुन समजल्या. मधल्या तासांतून बायांचं हसू आलं की ते माझंच. नाही आलं तर माझ्यामुळेच सगळ्या गप्प. ह्यांना, म्हणजे नवऱ्याला, विचारलं तर म्हणाले, "आई तशीच हाय." तशी म्हणजे कशी? त्या 'तशी'ला मी आठवडाभर चावत होते.

आणि रोज, मोसम संपेपर्यंत रोज, धुऱ्याकडचा तास माझाच. वेचत वेचत मधे सरकले तर आत्याबाईंचं बोट पुन्हा तिकडे.

मग मी काय केलं? मी बोलणं सोडलं. केवढा मोठा सूड! विचारलं तर हूं, नाही विचारलं तर तेही नाही. माझ्या आवाजाची माहेरी ख्याती होती. मी परसातून हाक मारली की एसटी थांबायची असं माझा भाऊ म्हणायचा. तो सगळा आवाज मी गिळून टाकला आणि तो गिळलेला आवाज माझ्या पोटात सडला. घास उतरेना. छातीत जळजळ. केस मुठीमुठीने गळायचे, चोळ्या सैल झाल्या. आत्याबाईंनी एका संध्याकाळी मीठ-मोहरी-मिरच्यांनी माझी दृष्ट काढली. मिरच्या चुलीत टाकल्या, कुणाला ठसका लागला नाही, तर म्हणाल्या, "लागली होती, पाह्य." मी पदराआड दात खात होते. हिला वाटतं मला भूत लागलंय! स्वतःच लावलं आणि स्वतःच काढतेय!

शेळ्यांचं तर सांगायलाच हवं. धुऱ्याला लागून रस्ता. दुपारी शेळ्यांचा कळप जायचा आणि त्यातल्या चार हुशार शेळ्या तोंड वाकडं करून पऱ्हाटीत शिरायच्या. मी तिथेच. ओटी अर्धी भरलेली. हाताशी काठी होती. एक 'हाड' म्हटलं असतं तर कळप पार कळंबच्या रस्त्याला लागला असता. पण मी म्हटलं नाही. मी कमरेवर हात ठेवून पाहत राहिले. खा बायांनो, म्हटलं मनात, पोटभर खा. ह्या घरात माझं असं तुम्हीच. हिरवी बोंडं त्या शेळ्यांच्या दाढेखाली करकर वाजायची आणि माझ्या जिवाला अस्सं गार वाटायचं. मूर्ख! मूर्खांची मुकादम! ते पीक माझ्याच घरचं होतं, त्यातूनच माझं पुढच्या वर्षीचं पातळ येणार होतं, आणि मी शेळ्यांना यजमानीण होऊन वाढत होते.

त्यावर आत्याबाई धावत आल्या, शेळ्या हाकलल्या, माझ्याकडे नुसतं पाहिलं. बोलल्या नाहीत. ते न बोलणं मी घरी नेलं आणि उशाशी घेऊन झोपले.

उलगडा झाला तो पुष्कळ वर्षांनी, माझी सून, म्हणजे पल्लवीची आई सुनंदा, घरात आली तेव्हा. आत्याबाई थकल्या होत्या, धुऱ्यावर बसून नुसत्या बोट करायच्या. तास वाटायचं माझ्याकडे आलं होतं. मी सुनंदाला मुद्दाम मधला, भरगच्च तास दिला. सुनेला आपल्यासारखं नको, म्हटलं. आत्याबाई समाधानाने म्हणाल्या, "बराबर केलं. इले धुऱ्यावर नको ठेवू. इचा आवाज मांजरावानी हाय."

मी म्हटलं, "आवाजाचं काय त्याच्यात?"

"मंग? धुऱ्यावर आवाजाचं मानूस लागते. शेळ्या येते, रस्त्यानं जानारे बोंडं तोडते. तिथं ओरडनारी पायजे. तुले पाहाले आलतो आमी बाभुळगावले, आठवते? तू अंगनातल्या कुरड्या खानाऱ्या गाईवर ओरडली. माह्या हातातला चहा सांडला. मी तुह्या सासऱ्याले तवाच म्हटलं, पोरगी पक्की करा. आपल्या धुऱ्याची काळजी मिटली."

मी तिथेच बसले, मातीत.

"आन् मंग आली तं तुह्या आवाजच गेलता," आत्याबाई सांगत होत्या. "मी तं भेलीच. म्हटलं माहेराची याद येऊन पोरगी मुकी झाली का काय. दृष्ट काढली, नवस बोलली. बाया मले म्हने, काहून ओरडत नाही वो तुही सून? मी म्हने, लय गरीब हाय बिचारी, लाजते."

गरीब! बिचारी! मी तिला सबंध मोसम मनातून शिव्या घालत होते आणि ती माझ्या आवाजासाठी नवस बोलत होती. ह्यात कुणी प्रेमळ सासूची गोष्ट पाहू नये. आत्याबाई प्रेमळ वगैरे नव्हत्या. त्यांना माझा राग नव्हता तसा माझा लळाही नव्हता. त्यांना शेळ्यांची काळजी होती. मी जिच्यासाठी झुरून अर्धी झाले, तिच्या डोक्यात मी फारशी नव्हतेच. हेच तर मला आजही सहन होत नाही. अपमान झाला असता तर निदान माझी नोंद तरी घेतली गेली असती.

दहिवर पडलेला कापूस काट्यावर जास्त भरतो. म्हणून व्यापारी वरवर बघत नाही, गाठोड्यात कोपरापर्यंत हात घालतो आणि ओल चाचपतो. माझ्या त्या वर्षीच्या दुःखात कुणी असा हात घालायला हवा होता. कापूस मूठभर निघाला असता, बाकी नुसतं पाणी. वाहून वाहून कंबर मात्र माझी मोडली. वजन तर खोटं नव्हतं ना. गळलेले केस खरे होते, जळजळ खरी होती. ही मोठी लबाडी आहे, की कारण खोटं असलं तरी दुखणं अस्सल होतं.

पण इथेच मला दुसराही एक राग येतो. माझा मुलगा हल्ली मोबाइलवर मला कसल्या कसल्या फिती पाठवतो. कोट घातलेला कुणीतरी सांगतो, परिस्थिती वाईट नसते, तुमचा विचार वाईट असतो, विचार बदला. असं होय? मग ये बाबा माझ्या वावरात, गुलाबी बोंडअळी लागलेलं बोंड फोड आणि त्या अळीसमोर विचार बदलून दाखव. जिचा नवरा पिऊन येतो आणि मारतो, त्या बाईला सांगून बघ की हा तुझ्या समजुतीचा खेळ आहे. मी समोर असले तर हातातली पाटी फेकून मारीन. काही गोष्टी जशा दिसतात तशाच असतात आणि त्यांच्याशी लढावंच लागतं. नडतं ते एवढंच, की अळी कुठली आणि शेळ्या कुठल्या हे घरी बसून, गुडघ्यात मान घालून कळत नाही. त्यासाठी उठून बोंड फोडावं लागतं.

हे सगळं मी पल्लवीला सांगितलं. शेळ्यांवर ती हसलीसुद्धा. मग पुन्हा नाक.

"तुझं वेगळं होतं आजी. तुमची जात एक होती. माझ्याकडे बघून त्या वेगळ्या भाकरी थापतात, त्याचा अर्थ लहान मुलालाही कळेल."

आणि खरं सांगू? असेलही तसं. त्या बाईला मी दोनदाच भेटले होते, एकदा साखरपुड्याला आणि एकदा लग्नात. दोन्ही वेळा बँडच्या आवाजात. ती भली आहे असं मी म्हटलं असतं तर तीही माझी माडीच झाली असती, फक्त वेगळ्या रंगाची.

तेवढ्यात माझ्या मुलाने घोळ वाढवला. त्याच्या कानावर भाकरीचं गेलं होतं. तो पारावरून तरातरा आला, पायातल्या चपला न काढता म्हणाला, "बाजाराच्या दिवशी चार मानसं घेऊन जातो फुलसावंगीले. बैठकच लावतो. आमच्या पोरीच्या हातचं चालत नसन तं तसं सांगा म्हना सगळ्यायसमोर. तुले नसन जायचं तं राह्य पोरी इथं. बापाचं घर हाय."

सुनंदा ओट्यावरून रडवेल्या आवाजात म्हणाली, "मी आधीच म्हटलं होतं." तिने आधी काहीही म्हटलं नव्हतं. लग्नात सगळ्यात जास्त ती नाचली होती.

आता चार माणसं हा काय प्रकार असतो ते मला माहीत आहे. एकदा पांढऱ्या टोप्या खाटेवर जाऊन बसल्या, की मग भाकर बाजूला राहते. इकडचा एक शब्द, तिकडचा एक शब्द, कुणाचा तरी काका उठून उभा राहतो, आणि घरी येईस्तोवर मुलीचा संसार मोडलेला असतो आणि का मोडला हे कुणालाच धड सांगता येत नाही. पल्लवीला अविनाश हवा होता. तिला ते घरही हवं होतं. ती जात नव्हती ती नको होतं म्हणून नाही, तर तिथे आपण नको आहोत असं तिने ठरवून टाकलं होतं म्हणून.

मुलगा गेल्यावर मी म्हटलं, "लाव फोन."

"कुणाला?"

"तुह्या याडीले. आन् इचार."

"असं कसं विचारू?"

"तोंडानं. चार मानसं इचारतीन त्याच्यापेक्षा तू इचारलेली बरी. तिनं म्हटलं की जातीमुळं खात नाही, तं मी सोता टेम्पोत बसून येतो तुह्यासंगं भांडाले. माह्या आवाज अजून हाय. पन आधी ऐकू तं दे."

ती नाही म्हणत होती, फोन हातात फिरवत होती. मी तिच्याकडे नुसती बघत राहिले. शेवटी तिने लावला आणि मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. फोन वाजतच राहिला. उचलत नाही म्हणजे मुद्दामच उचलत नाही, असं मीही मनात म्हणून टाकलं. ह्या वयात, एवढं शिकून!

"कोन? पल्लवी? वावरात हाओ मी. बोल लवकर."

मागे वारा, पानांची खसखस, बायांचे आवाज. तिकडेही वेचणीच चालू होती. मी तिला कोपराने ढोसलं.

"याडी... तुम्ही माझ्या हातची भाकर का खात नाही?"

वाऱ्यातूनच याडीचं उत्तर आलं.

"खाल्ली नं. पयल्या दिवशी खाल्ली. चिवट होती."

"काय?"

"चिवट. चामड्यावानी. माही डाव्या अंगाची दाढ हालते. ते भाकर खाल्ली आन् तोंड सुजलं माह्यं. तवापासून आपली करून घेतो मऊ."

"मग सांगितलं का नाही?"

"कशी सांगू? तू तं नुसतं पाह्यलं तरी रडते. अविनाश म्हने, याडी, लाडाची पोरगी हाय, बोलू नको तिले. नाही बोलली. आता तूच इचारून राह्यली म्हनून सांगून राह्यली."

पल्लवीला आता थांबवणं शक्य नव्हतं. "आणि तुम्ही जेवताना अविनाशशी माझ्याबद्दल काय बोलता?"

"तुह्याबद्दल?" याडीला खरोखर आठवावं लागत होतं. "आमी बैलाचं बोलतो. ढवळा लंगडून राह्यला. तुह्याबद्दल काय बोलाचं?" मग एकदम, "तू कवा येते? वेचाले मानूस भेटून नाही राह्यलं. फुटून चालला समदा. उद्या धाडू का अविनाशले?"

"सांगते," पल्लवी म्हणाली आणि फोन ठेवला.

मला वाटलं, आता ही रडेल, किंवा हसेल, किंवा माझ्या गळ्यात पडेल. तसं काही झालं नाही. ती ताठ उभी राहिली. कान लाल.

"आजी, माझी भाकर चिवट असते?"

"असते."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्या घराले माहीत हाय. तुह्या बाप पान्यात बुडवून खाते."

"मग कुणी मला सांगितलं का नाही?"

"तू रडली असती."

तिने सुनंदाकडे पाहिलं. सुनंदाने घाईघाईने कापसात तोंड घातलं. त्यावर जो काही भडका उडाला तो मी शब्दाशब्दाने सांगत नाही. तिने आईला बोलून घेतलं, मला बोलून घेतलं, तिथे नसलेल्या अविनाशला तर जास्तच बोलून घेतलं. लाडाची पोरगी म्हणे! याडीला 'चामड्यावानी' ह्या शब्दाबद्दल ती माफ करणार नाही असंही म्हणाली. दिवाळीपासून जिच्या तोंडातून आवाज निघत नव्हता, ती अंगणभर ओरडत होती. आणि ओरडता ओरडता तिने टोपल्यातली आपणच काल थापलेली भाकर घेतली, चटणी लावली आणि खाल्ली. दुसरीही खाल्ली. चावताना बरीच मेहनत पडत होती, ते तिच्याही लक्षात आलं असावं, कारण मधेच ती गप्प झाली आणि उरलेल्या तुकड्याकडे पाहत राहिली.

बाप संध्याकाळी चार माणसांची नावं नक्की करून आला. पल्लवीनेच त्याला दारात अडवलं. "कुणी जायचं नाही," म्हणाली. "माझं भांडण आहे, मी बघते." तो माझ्याकडे पाहायला लागला. मी कवडी कापूस निवडत राहिले.

तिचा राग गेला असं मी म्हणणार नाही. राग होताच, चांगला धगधगीत. पण काल तो सबंध तांड्यावर, सबंध जातीवर, सबंध जन्मावर होता. आता तो एका भाकरीएवढा झाला होता, आणि तेवढा माणसाला हातात धरता येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चुलीपाशी थपथप ऐकू आली. मी जाऊन पाहिलं तर कोपरापर्यंत पीठ, कपाळावर पीठ, आणि परातीत एक वेडीवाकडी, कडेला चिरलेली भाकर.

"पानी गरम घेतलं का?" मी विचारलं.

"घेतलं."

"पीठ मळलं का नुसतं कालवलं? तळहाताच्या टाचेनं रगडावं लागते."

"रगडलं. आता बोलू नकोस."

मी बोलले नाही. मला ते फार जड गेलं. तिच्या निरोपावरून अविनाश मोटारसायकलवर आला तेव्हा ती बॅग घेऊन तयारच होती. त्याने काही विचारायच्या आत म्हणाली, "ढवळ्याचा पाय कसा आहे?" तो बिचारा आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे बघायला लागला. तिने फडक्यात बांधलेल्या भाकरी पिशवीत वरच्या बाजूला ठेवल्या. मी फडकं दाबून पाहिलं.

"अजून चिवटच हाय वो पोरी."

"असू दे," ती मागच्या सीटवर बसत म्हणाली. "समोर बसून याडीला खायला लावते. काय चुकतंय ते तोंडावर सांगू दे मला."